साधा नकाशा केव्हा, सजीव चित्र केव्हा: स्ट्रॅटेजी गेममध्ये दोन्ही कसे वापरावेत

शाळेच्या नकाशासंग्रहात एकाच महाराष्ट्राचे दोन नकाशे असत. एकात प्रत्येक जिल्हा वेगळ्या रंगाने भरलेला असे, तर दुसऱ्यात सह्याद्रीची तपकिरी रांग, गोदावरी आणि तापीची खोरी आणि कोकणची हिरवी पट्टी दिसे. साताऱ्याला लागून कोणते जिल्हे आहेत असे विचारले, तर दुसऱ्या नकाशाचा उपयोग नसे; कोकणात एवढा पाऊस पडत असताना माणदेश कोरडा का, असे विचारले, तर पहिल्याचा उपयोग नसे. दोन्ही नकाशे बरोबरच होते. फरक होता तो प्रश्नाचा.

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यासमोर हीच निवड तासातून कित्येकदा येते. एका बाजूला झाडे, नद्या, डोंगर आणि चालणारे सैनिक दाखवणारे सजीव चित्र असते; दुसऱ्या बाजूला रंगाचे पट्टे, ठिपके, आकडे आणि चिन्हे यांचा साधा नकाशा असतो. पुष्कळ खेळाडू यांपैकी एकाचीच सवय लावून घेतात. काहींना साधा नकाशा रूक्ष वाटतो म्हणून ते तो कधी उघडतच नाहीत, आणि काहींना चित्र म्हणजे नुसती सजावट वाटते म्हणून ते सगळा खेळ चिन्हांवरच खेळतात. माझ्या मते दोघांचेही नुकसान होते. नवा गेम हाती घेतला की सर्वांत आधी एक गोष्ट शोधावी: या गेमचे नियम जमिनीच्या आकारात आहेत, की कोष्टकात? नियम कोष्टकात असतील, तर साधा नकाशा अधिक खरे बोलतो. नियम जमिनीच्या चढउतारात असतील, तर चित्राकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रथम कोष्टकाचे उदाहरण घेऊ, कारण बहुतेक वाचकांनी हा गेम कधी ना कधी खेळलेला असेल. फिरॅक्सिस या कंपनीच्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये (२०१०) या मालिकेतील पटाची घरे प्रथमच षटकोनी झाली आणि त्याच गेममध्ये ‘स्ट्रॅटेजिक व्ह्यू’ आला. ‘एफ १०’ ही कळ दाबली की सगळे त्रिमितीय दृश्य नाहीसे होऊन त्या जागी जाड पुठ्ठ्याच्या पटासारखा सपाट नकाशा दिसतो. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्येही (२०१६) हा नकाशा आहे, त्याचे बटण कोपऱ्यातील छोट्या नकाशाजवळ असते. या दुसऱ्या गेममध्ये ‘लेन्स’ नावाची आणखी एक सोय आहे. ती चित्र तसेच ठेवून त्यावर हव्या त्या माहितीचा रंग चढवते, आणि मला ती पूर्ण सपाट नकाशापेक्षाही अधिक उपयोगी वाटते.

शहर वसवण्याचा प्रसंग जवळून पाहू. सेटलर, म्हणजे नवे शहर वसवणारी तुकडी, निवडला की त्याची लेन्स आपोआप सुरू होते. गडद हिरव्या घरांना गोडे पाणी मिळते, फिकट हिरवी घरे समुद्राकाठची असतात, करड्या घरांना पाणी नसते आणि लाल घरांत शहर वसवताच येत नाही. हे रंग शोभेचे नाहीत. गोड्या पाण्याच्या शहराला आरंभी लोकवस्तीची क्षमता ५ मिळते, समुद्राकाठच्या शहराला ३ आणि कोरड्या जागी २. लोकसंख्या या मर्यादेच्या जवळ आली की वाढ मंदावते. म्हणजे गडद हिरवे आणि करडे यांतील अंतर पुढच्या कित्येक पाळ्यांचे अंतर असते. चित्रात नदी निळी आणि सुंदर दिसते, पण कॅमेरा तिरका असल्यामुळे ती नेमकी कोणत्या घराच्या कडेने वाहते हे डोंगराआड बऱ्याचदा कळत नाही.

लेन्स पाहून झाली की ‘वाय’ कळ दाबून प्रत्येक घराचे उत्पन्न पडद्यावर आणावे आणि ‘जी’ कळ दाबून घरांच्या रेषा आणाव्यात. (कळा बदलता येतात, म्हणून आपल्या सेटिंगमध्ये त्या एकदा पडताळून घ्याव्यात.) आता टेकड्यांकडे लक्ष द्यावे. हिरवळीवरची टेकडी आणि माळावरची टेकडी यांच्या रंगांत चित्रात जेमतेम फरक असतो आणि वर झाडी असेल तर तोही दिसेनासा होतो. आकड्यांत मात्र तो लख्ख दिसतो: हिरवळीच्या टेकडीवर २ अन्न आणि १ उत्पादन, तर माळाच्या टेकडीवर १ अन्न आणि २ उत्पादन. शहर ज्या घरावर वसते तेथे किमान २ अन्न आणि १ उत्पादन मिळतेच. त्यामुळे माळाच्या टेकडीवर वसलेल्या शहराला पहिल्याच पाळीपासून २ अन्न आणि २ उत्पादन मिळते. आरंभी एकेका उत्पादनाचे मोल फार असते. एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. टेकडीवर झाडी असेल तर दिसणाऱ्या आकड्यात झाडीचे १ उत्पादन धरलेले असते आणि शहर वसताच झाडी जाते. मी कितीतरी दिवस ३ उत्पादन पाहून हुरळून जात असे आणि शहर वसल्यावर २ कसे झाले याचे कोडे मला सुटत नसे.

त्यानंतर डोंगर मोजावेत. ‘कॅम्पस’ हा विद्येचा विभाग ज्या घरात बांधाल, त्याला लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा १ गुण मिळतो. डोंगर मोजायचे असतील तर सपाट नकाशा उघडावा, कारण त्यात घराच्या सहाही बाजू सारख्याच दिसतात आणि उंच शिखरामागे काहीही लपत नाही. एकदा बांधलेला विभाग पुढे हलवता येत नाही, म्हणून मी जागा ठरली की नकाशावर खूणपिना लावून ठेवतो: येथे कॅम्पस, तेथे व्यापारी विभाग, आणि शहराला व नदीला दोन्हींना लागून असलेल्या घरात जलसेतू. शंभर पाळ्यांनंतर खेळाकडे परत आल्यावर आपण कोणता विचार केला होता हे त्या पिनाच सांगतात.

एवढे झाल्यावर, सेटलरला शहर वसवण्याची आज्ञा देण्याआधी, सजीव चित्रात परत यावे आणि जागेभोवती कॅमेरा फिरवावा. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९ च्या विस्तारात ज्वालामुखी, पूर आणि चढणारा समुद्र आला. त्यानंतर ही शेवटची नजर टाकणे मला अत्यावश्यक वाटते. सपाट नकाशावर सहा डोंगर मोजण्याच्या नादात त्यांतील एक ज्वालामुखी आहे हे सहज निसटते. चित्रात तो जागृत असेल तर नजरेतून सुटत नाही. ज्वालामुखीजवळ वसूच नये, असे मात्र नाही. उद्रेकाने आसपासची शेते आणि विभाग उद्ध्वस्त होतात, पण त्याच राखेने माती सुपीक होते. ते जाणून वसावे, एवढेच.

याच गेममधली आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते. ज्या प्रदेशात आपला माणूस सध्या उभा आहे तो पूर्ण रंगात दिसतो. जो पूर्वी पाहिला होता पण आता दृष्टीआड आहे, तो जुन्या कागदावर शाईने काढलेल्या रेखाटनासारखा दिसतो. आणि जो कधीच पाहिला नाही तो कोरा कागद राहतो. म्हणजे येथे चित्र आणि नकाशा यांतील फरकच माहितीचा ताजेपणा सांगतो. शाईच्या भागात शत्रूचे सैन्य दिसत नाही म्हणून ते तेथे नाही असे समजू नये. हल्ल्याची आखणी करताना शाईचा पट्टा लागला की तेथे आधी एक टेहळ्या पाठवावा.

कोष्टकाचे गेम: रंगीत नकाशांची निवड

पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचे गेम या बाबतीत सर्वांत पुढे आहेत. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो. दख्खनकडे पाहिले तर राजकीय नकाशात बहमनी राज्याचा एक मोठा पट्टा आणि त्याच्या दक्षिणेला विजयनगर दिसते. मराठी संस्कृतीचे राज्य वाढवत नेले तर पुढे मराठा राज्य घडवण्याचीही सोय या गेममध्ये आहे. या खेळात भूप्रदेशाचे एक सुंदर रंगवलेले चित्रही असते, ज्यात डोंगर उठून दिसतात आणि जंगले दाट दिसतात. नवा खेळाडू त्या चित्रावर विश्वास ठेवतो आणि तेथेच फसतो. लढाईत मोजला जातो तो रंगवलेला डोंगर नव्हे, तर त्या प्रांताच्या नावापुढे नोंदवलेला भूप्रकार. प्रांताच्या अर्ध्या भागात मैदान रंगवलेले असले, तरी नोंद ‘पर्वत’ अशी असेल तर चालून जाणाऱ्याच्या लढाईच्या फाशावर पडलेल्या आकड्यातून २ वजा होतात. टेकडी असेल तर १, आणि नदी ओलांडून हल्ला केला तर आणखी १. म्हणून या गेममध्ये ‘साधा भूप्रदेश’ हा नकाशा वापरावा. त्यात प्रत्येक प्रांत त्याच्या नोंदीप्रमाणे एकाच सपाट रंगाने भरलेला असतो. तो दिसायला अगदी शालेय वाटतो, पण नियम जसा आहे तसाच तो दाखवतो.

छोट्या नकाशाजवळ या नकाशांची बटणे असतात. बटणावर उजवी क्लिक केली की त्या जागी कोणता नकाशा हवा हे निवडता येते. सगळी बटणे भरण्याचा मोह टाळावा, असे मी सुचवेन. राजकीय, साधा भूप्रदेश, व्यापार आणि राजनैतिक संबंध हे चार नकाशे एकमेकांशेजारच्या कळांवर ठेवावेत आणि बाकीचे गरजेनुसार उघडावेत. चार नकाशे बोटांच्या सवयीचे होतात. दहा नकाशे असतील तर दरवेळी बटण शोधावे लागते आणि शेवटी आपण राजकीय नकाशावरच बसून राहतो.

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’मध्ये (२०१६) याच सवयीला दुसरे वळण द्यावे लागते. आघाडी थबकली, बाण पुढे सरकत नाही, सैन्य तर संख्येने जास्त आहे, अशा वेळी नवे खेळाडू आणखी तुकड्या आघाडीवर आणतात आणि परिस्थिती बिघडवतात. तेथे ‘एफ ४’ दाबून रसदीचा नकाशा पाहावा. रेल्वे कोठे संपते आणि रसद कोठे आटते हे तो दाखवतो. आणि बहुतेक वेळा दोष शत्रूच्या ताकदीत नसून आपल्याच गर्दीत असतो. या गेममध्ये सैनिकांच्या पुतळ्यांऐवजी नाटोच्या लष्करी चिन्हांच्या चौकटीही दाखवता येतात. ती चिन्हे शिकण्यास अर्धा तासही लागत नाही: चौकटीत फुली असेल तर पायदळ, लंबगोल असेल तर रणगाडे, एकच तिरपी रेघ असेल तर घोडदळ, भरीव ठिपका असेल तर तोफखाना. पुतळ्यांत फार तर एक सैनिक आणि एक रणगाडा दिसतो. चौकटींच्या रांगेत संपूर्ण आघाडीची घडण एका दृष्टिक्षेपात वाचता येते.

जेथे जमीनच नियम असते

आता उलट बाजू. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मराठी खेळाडूंच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यात मराठा राज्य घेऊन अठराव्या शतकाचा खेळ खेळता येतो. या मालिकेत मोहिमेचा नकाशा वेगळा आणि लढाईचे मैदान वेगळे असते. मोहिमेत कर, रस्ते, बंदरे आणि शेजाऱ्यांशी संबंध पाहायचे असतात. तेथे साधा नकाशा आणि याद्या पुरतात. लढाई सुरू झाली की मात्र कोपऱ्यातील छोट्या नकाशावर विसंबून राहिले तर घात होतो. बंदूकधारी पायदळाची गोळी जवळजवळ सरळ जाते. मध्ये टेकडीचा उंचवटा असेल, किंवा आपलीच दुसरी तुकडी उभी असेल, तर मागच्या रांगेला नेम धरता येत नाही. छोट्या नकाशावर ती तुकडी शत्रूसमोर अगदी योग्य अंतरावर दिसते, आणि प्रत्यक्षात ती चढाच्या मागे उभी राहून काहीच करत नसते.

येथे पुढील पद्धत पाळावी. लढाईपूर्वी सैन्याची मांडणी करताना कॅमेरा माणसाच्या उंचीपर्यंत खाली आणावा आणि आपल्या पहिल्या रांगेच्या मागे नेऊन शत्रूच्या दिशेने पाहावे. तुम्हाला तेथून शत्रू दिसत नसेल, तर तुमच्या बंदूकधाऱ्यांनाही दिसत नाही. तोफा उंचवट्याच्या माथ्यावर ठेवाव्यात, उतारावर पायदळ उभे करावे, आणि घोडदळासाठी झाडी किंवा घळ शोधावी. या तिन्ही गोष्टी सपाट नकाशावर दिसत नाहीत. गनिमी काव्याचे सगळे सामर्थ्य भूभाग ओळखण्यात होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मांडणी झाल्यावर, हल्ला सुरू असताना, दोन्ही बगलांकडे कोण येत आहे एवढ्यापुरताच छोटा नकाशा पाहत राहावा. याच मालिकेतील ‘रोम २’ (२०१३) मध्ये ‘टॅब’ कळेने लढाईचा संपूर्ण सपाट नकाशा उघडतो. मोठ्या वेढ्यात हरवलेली तुकडी शोधायला तो फार चांगला आहे, पण चढ-उतार पाहून घ्यायचे ते चित्रातच.

दोन्ही दृश्यांना एकाच हालचालीत बांधण्याचे काम ‘सुप्रीम कमांडर’ने (२००७) केले, आणि माझ्या दृष्टीने ते आजही अभ्यासण्याजोगे आहे. त्यातील सर्वांत मोठे मैदान ८१ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद आहे. माउसचे चाक मागे फिरवले की कॅमेरा वर जातो, यंत्रे लहान होत होत त्यांची चिन्हे बनतात आणि अखेरीस संपूर्ण रणभूमी एका पडद्यावर येते. चाक पुढे फिरवले की कर्सर जेथे असेल तेथेच कॅमेरा उतरतो. पडद्याच्या कडेला कर्सर नेऊन नकाशा सरकवण्याची सवय येथे मुद्दाम मोडावी. सगळा खेळ वरून खेळावा, आज्ञा चिन्हांना द्याव्यात, आणि इमारत नेमकी कोठे बसवायची किंवा कड्यामुळे मारा अडतो आहे का हे पाहायचे असेल तेव्हाच खाली उतरावे. पहिल्या दिवशी चिन्हे मुंग्यांसारखी वाटतात; आठवड्याभरात ती नावे वाचावीत तशी वाचता येतात. घरी दुसरा मॉनिटर असेल तर या गेममध्ये एकावर संपूर्ण नकाशा आणि दुसऱ्यावर जवळचे दृश्य कायम ठेवता येते.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या दोन्हींच्या मध्ये बसतो. १९९९ चा हा गेम ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मुळे (२०१९) पुन्हा जोमाने खेळला जातो आणि नव्या आवृत्तीतील झाडे खरोखर देखणी आहेत. परंतु उंच झाडांच्या मागे कुंपणातील एका चौकटीएवढी फट लपते आणि त्या फटीतून शत्रूचे घोडेस्वार थेट लाकूडतोड्यांपर्यंत येतात. म्हणूनच स्पर्धेत खेळणारे खेळाडू झाडे खुजी करणारा ‘स्मॉल ट्रीज’ मॉड (म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल) आणि जमिनीवर चौकटी आखणारा मॉड वापरतात. मैत्रीचे डाव सोडले तर दोन्ही बसवून घ्यावेत, असाच माझा सल्ला आहे. छोट्या नकाशाचे लढाऊ आणि आर्थिक असे प्रकारही यात आहेत. रंग ओळखण्यास त्रास होणाऱ्यांनी मित्र आणि शत्रू यांचे रंग ठरावीक ठेवणारा पर्याय अवश्य सुरू करावा. आज्ञा देऊन झाली की नजर छोट्या नकाशावर न्यावी, रिकामा बसलेला गावकरी शोधायला पूर्णविरामाची कळ दाबावी, आणि पुन्हा चित्रात यावे. ही फेरी हाताला बसेपर्यंत मुद्दाम घोकावी लागते.

संगणकाविषयी थोडेसे. साधारण लॅपटॉपवर, ज्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, ‘सिव्हिलायझेशन’चा उत्तरार्ध जड होतो, पंखा घोंघावतो आणि कळफलक तापतो. सपाट नकाशावर खेळल्यास ग्राफिक्सवरचा ताण पुष्कळ कमी होतो आणि उन्हाळ्यात तर हा फरक हाताला लागतो. मात्र पाळी संपवल्यावर संगणकाच्या प्रतिस्पर्ध्यांना विचार करण्यास लागणारा वेळ त्याने घटत नाही, कारण ते काम मुख्य प्रोसेसरचे आहे. तेथे सेटिंगमधील ‘जलद हालचाल’ आणि ‘जलद लढाई’ हे पर्याय सुरू करावेत. प्रत्येक तुकडीचे चालणे आणि भिडणे पाहण्यात जाणारा वेळ त्याने वाचतो.

ही सवय लावून घेण्यासाठी एक सराव सुचवतो. आपला एखादा जुना, मध्यावर सोडलेला डाव उघडावा आणि प्रथम फक्त साध्या नकाशावर राहून पुढील पाच पाळ्यांत काय करायचे ते कागदावर लिहावे: शहर कोठे, हल्ला कोठून, व्यापार कोणाशी. मग सजीव चित्रात यावे, कॅमेरा त्या प्रत्येक जागी नेऊन थांबवावा आणि चित्र पाहून बदलावासा वाटलेला निर्णय दुसऱ्या रंगाच्या शाईने शेजारी लिहावा. असे तीन-चार डावांचे कागद झाले की ते शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्या रंगाची शाई एकसारखी लढायांच्या जागीच आली असेल, तर तुमचा गेम जमिनीचा आहे आणि हल्ल्यापूर्वी कॅमेरा खाली आणायलाच हवा. ती क्वचितच आली असेल, तर राजकीय आणि भूप्रदेशाचे नकाशे हाताशी ठेवून निर्धास्त खेळावे.